चार कळ्यांचं आवर्तन

सव्वीस वर्षांच्या नोकरीत सावळीराम पगारे यांनी सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं वाक्य 'तूर्त पाणी देणे शक्य नाही' हे होतं. नाशकात पाटबंधारे खात्याच्या एका उपविभागात ते हेडक्लार्क होते. कालव्याचं पाणी कुणाला, कधी, आणि मुख्य म्हणजे का नाही, हे सांगणारे कागद त्यांच्या टेबलावरून जात. शेतकरी सात नंबरचा फॉर्म भरून पाणी मागायचे आणि सावळीराम त्या फॉर्मात एखादी रिकामी राहिलेली जागा शोधून काढायचे. जागा बोटभर असली तरी तिच्यातून अख्खं आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची ती पाळी, निघून जायचं. हे ते दुष्टपणाने करत नसत. पाणी थोडं आणि माणसं फार असली की कुणीतरी नाही म्हणावं लागतं, आणि ते नीट अक्षरात म्हटलेलं बरं, इतकंच त्यांचं म्हणणं. अशा कसलेल्या माणसाला एका वीतभर कुंडीला पाणी न घालणं जमू नये, याचं नवल वसाहतीतल्या शेजाऱ्यांपेक्षा त्यांनाच जास्त वाटलं.

कुंडी आली ती चौऱ्याऐंशी सालच्या डिसेंबरात, एका रविवारी, प्राध्यापिका सिंधुबाई केदारे यांच्या हातून. सिंधुबाई नाशिक रोडला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. त्यांचा मुलगा ओझरच्या कारखान्यात होता, आणि त्याने व सावळीरामांच्या मुलीने, उत्पलाने, एकमेकांना केव्हाच पसंत करून टाकलं होतं. आता घरच्यांनी एकमेकांना पसंत करायचं तेवढं राहिलं होतं, आणि अवघड भाग तोच होता. मुलाचे वडील पूर्वीच वारलेले, त्यामुळे पसंतीचं सगळं खातं सिंधुबाईंकडे.

त्यांनी चहा घेतला, पोहे अर्धे ठेवले. (अर्धे का ठेवले, यावर सावळीरामांच्या पत्नी लताबाई पुढे चार दिवस बोलत होत्या.) मग ज्या पिशवीतून पेढ्यांचा पुडा निघेल असं सगळ्यांना वाटत होतं तिच्यातून त्यांनी एक कुंडी काढून टेबलावर ठेवली. मखमलीचे तुकडे कापून लावावेत तशी गोल, जाड, लव असलेली पानं, आणि मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढ्या चार कळ्या.

"आफ्रिकन व्हायोलेट," सिंधुबाई म्हणाल्या. "हट्टी जात आहे, भाऊ. वरून पाणी घालायचं नाही, पानांवर डाग पडतात. खाली बशीत कपभर ओतायचं, ते वर ओढून घेतं. आठवड्यातून एकदा, तेही माती कोरडी लागली तरच. ऊन नको पण उजेड हवा, वारा नको पण हवा खेळती पाहिजे."

आमच्या कार्यकारी अभियंत्यांचंही असंच आहे, असं सावळीराम म्हणाले. कुणी हसलं नाही. ते वाक्य पुढे दोन महिने त्यांना मधूनच आठवायचं आणि कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.

चपला घालता घालता सिंधुबाई म्हणाल्या, "याला फुलं आली की कळवा. मग येते, आणि तारीखच धरू."

त्या सहज बोलल्या असं उत्पलाचं मत पडलं. पण सावळीरामांनी हयातभर सरकारी पत्रं वाचली होती. 'की' आणि 'मग' असलेलं वाक्य सहज नसतं. ते अटीच्या अधीन राहून दिलेल्या मंजुरीचं वाक्य असतं. फुलं आली तर तारीख, नाही आली तर प्रकरण दप्तरी दाखल. मुलीचं लग्न चार कळ्यांवर येऊन थांबलं आहे हे त्यांना उंबऱ्यातच कळलं. त्या दिवशी ते जेवताना दोनदा ताटावरून उठले आणि दोन्ही वेळा कुंडीपाशी जाऊन काही न करता परत आले.

दुसऱ्या दिवसापासून कामाला रीतसर सुरुवात झाली. सावळीरामांनी घरातल्या सगळ्या खिडक्यांची पाहणी केली. उत्तरेचा उजेड देणारी खिडकी एकच निघाली, ती पुढच्या खोलीची, बोळाकडे उघडणारी. त्या खिडकीत कुंडी ठेवली. मग स्वयंपाकघराच्या दाराआड एक तक्ता लावला: 'आवर्तनाचा कार्यक्रम. रविवार, सकाळी सात, एक कप (चहाचा), बशीतून.' पुढे खूण करायला चौकटी. तक्त्याची दुसरी प्रत त्यांनी स्वतःच्या माहितीसाठी खिशात ठेवली.

आता या बोळाबद्दल थोडं सांगायला हवं. वसाहतीत चौदा घरं, आणि बोळाच्या टोकाला महापालिकेचा नळ. पाणी सकाळी सहा ते पावणेसात. म्हणजे वसाहतीतला प्रत्येक हंडा, प्रत्येक कळशी आणि प्रत्येक बादली रोज सकाळी सावळीरामांच्या खिडकीवरून जायची. खिडकीला गज होते, पण गजांतून हात जातो. शिवाय या हातांचं एक जुनं दुखणं होतं. तुळशीला पाणी घालणं वसाहतीने छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतली तेव्हाच सोडलं होतं, विचार करून आणि कायमचं सोडलं होतं, पण सकाळी कुठल्या तरी रोपाला तांब्याभर पाणी घालायची हातांची सवय सुटलेली नव्हती. ती सवय अठ्ठावीस वर्षं बोळात नुसती इकडून तिकडे हिंडत होती. आता तिला ठिकाण मिळालं.

पहिल्या आठवड्यात पानांवर पिवळट डाग आले. दुसऱ्या आठवड्यात पानं मान टाकल्यासारखी झाली. सावळीरामांना बसवेना. ते सकाळी ऑफिसला जाताना मातीत बोट घालून पाहत, मधल्या सुट्टीत सायकल मारत घरी येऊन पाहत, संध्याकाळी चपला काढायच्या आधी पाहत. माती दर वेळी ओली. आवर्तन रविवारचं, आणि गुरुवारी माती ओली, हे त्यांच्या खात्यात कधी घडलं नव्हतं. तिथे बरोबर उलटं घडायचं.

त्यांनी चौकशी लावली. लताबाईंनी पहिल्या झटक्यात कबूल केलं की त्या रोज तांदळाचं धुवण घालतात. "ते पाणी नाही, अहो, ते खत आहे." उत्पलाने बरेच आढेवेढे घेतले आणि मग सांगितलं की तिला झाड सुकल्यासारखं वाटतं, म्हणून ती कॉलेजला निघताना फक्त दोन चमचे घालते. (चमचा कुठला, असं विचारल्यावर तिने वरणाचा डाव दाखवला.) शेजारच्या यशोदाबाईंना तर विचारावंही लागलं नाही. त्या खिडकीतूनच म्हणाल्या की कळशी डोक्यावरून उतरवायच्या आधी थोडी हलकी करते, जमिनीवर ओतण्यापेक्षा जिवाच्या मुखी गेलेलं काय वाईट, आणि भाऊ, तुमचं झाड किती मरगळलंय, तुम्ही त्याला पाणी घालत नाही का.

इथेच खरी गोम होती. जास्त पाण्याने झाड मान टाकायचं, आणि मान टाकलेलं झाड तहानलेलं दिसायचं. बोळातून जाणाऱ्या प्रत्येक बाईचा जीव कळवळायचा. जितकं बुडत होतं, तितकं त्याला पाणी मिळत होतं.

सल्ले मात्र कोरडे होते आणि भरपूर होते. एकाने मुळाशी तंबाखूचं पाणी सांगितलं, एकाने हळद. ऑफिसातल्या ड्राफ्ट्समनने आफ्रिकेचं हवामान नकाशावर दाखवलं. शेवटी सावळीराम एक डागाळलेलं पान रुमालात गुंडाळून शेतीचा सल्ला देणाऱ्या एका सरकारी कचेरीत गेले. ती कुठली हे सांगून कुणाच्या पेन्शनला धक्का लावण्यात अर्थ नाही. तिथल्या कारकुनाने एक फॉर्म पुढे केला. पीक, गट नंबर, क्षेत्र हेक्टरमध्ये. सावळीरामांनी सांगितलं की कुंडी आहे. कारकून म्हणाला, असू द्या, क्षेत्राशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. हे वाक्य सावळीरामांच्या इतक्या ओळखीचं होतं की त्यांना क्षणभर त्या माणसाबद्दल आदर वाटला. त्यांनी तिथेच बाकावर बसून कुंडीच्या तोंडाचा व्यास आठवला आणि हिशोब मांडला. दशांश चिन्हापुढे पाच शून्यं आली आणि मग कुठे एक आकडा उगवला.

कारकुनाने शून्यं बोटाने मोजली आणि माती तपासावी लागेल असं सांगितलं. नमुना अर्धा किलो. सावळीराम म्हणाले, अर्धा किलो माती काढायची तर झाड उपटून कुंडीच रिकामी करावी लागेल. कारकून म्हणाला, मग शेजारच्या शेतातली घ्या. समोर टेबलापलीकडे बसणं आणि अलीकडे उभं राहणं यात किती अंतर असतं, हे सावळीरामांना नोकरीच्या सव्विसाव्या वर्षी कळलं. ते रुमाल झटकून परत आले.

आणि मग त्यांनी ती पाटी लावली.

वास्तविक त्यात त्यांचा दोष नव्हता. ऑफिसात एखादी गोष्ट थांबवायची तर पाटी लावतात, दुसरा उपाय त्यांना ठाऊक नव्हता. पुठ्ठा घेतला, जाड टाक घेतला, आणि सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं:

'सदर कुंडीस कोणीही पाणी घालू नये. आज्ञेवरून.'

पाटी गजांना बांधून ते समाधानाने दाढी करायला बसले. साबण लावून होतो न होतो तोच बोळातला आवाज बंद झाला. नळावर पाण्याची वेळ आणि बोळ शांत, हे पाणी गेल्याशिवाय होत नाही. त्यांनी अर्ध्या दाढीने खिडकीतून पाहिलं. हंडे-कळश्या घेऊन बायका उभ्या होत्या, आणि त्यांच्या पुढे काठी टेकून कोंडाजीबाबा पाटी वाचत होते.

कोंडाजीबाबा शहात्तर वर्षांचे. तरुणपणी ते काळारामाच्या दारात सत्याग्रहाला बसले होते, आणि त्यांच्या आधी त्यांचा थोरला भाऊ महाडला जाऊन तळ्याचं ओंजळभर पाणी पिऊन आला होता. वसाहतीत लग्न असो की भांडण, बाबा येऊन बसल्याशिवाय सुरू होत नसे. त्यांनी पाटी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा मोठ्याने.

"सावळीराम," ते म्हणाले, "पाण्यावर पाटी लावलीस?"

सावळीरामांनी गालावरचा साबण पुसायचा प्रयत्न केला आणि सांगितलं की बाबा, तसं नाही, मुळं कुजतात.

"काहीतरी कुजतं, काहीतरी बाटतं," बाबा म्हणाले. "तेव्हाही कारण चांगलंच सांगायचे. अक्षर मात्र तुझ्याइतकं चांगलं नसायचं."

एवढं बोलून ते काठी टेकत निघून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. बायका आपापल्या कळश्या दुसऱ्या बाजूच्या कमरेवर घेऊन खिडकीकडे न पाहता गेल्या. यशोदाबाईंनी त्या दिवशी लताबाईंकडे विरजण मागितलं नाही. त्यांचं विरजण गेली अकरा वर्षं लताबाईंकडून जात होतं.

सावळीरामांनी पाटी तासाभरात उतरवली, पण लागायची ती लागून गेली होती. त्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीवर ओंजळ पुढे करून उभं राहावं लागे, वरून कुणी ओतेल तर प्यायचं. ही गोष्ट त्यांनी स्वतः विहारात, चौदा एप्रिलला, माइकवरून सांगितली होती आणि टाळ्या घेतल्या होत्या. आता त्यांचं नाव घेतलं की पाटी आठवायची. आठवडाभर कुणी त्यांना सकाळी धड जयभीम घालेना. घालायचे ते अशा बेताने, की सावळीरामांच्या मागे उभ्या असलेल्या माणसालाही तो लागू व्हावा.

लताबाईंनी एकदाच विचारलं. "लग्नाला कोण येणार आता? चौदा घरांतून चौदा माणसंही यायची नाहीत."

म्हणजे फुलं नाही आली तर लग्न नाही, आणि आली तर मांडव रिकामा. सावळीराम घरातल्या घरात पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत आणि मागच्यातून पुढच्या खोलीत चालत राहिले. शेवटी त्यांनी ते केलं जे केल्यावाचून गत्यंतर नव्हतं. ते कोंडाजीबाबांच्या घरी गेले, पायाशी बसले, आणि रविवारी वंदनेनंतर बाबांनी स्वतःच्या हाताने कुंडीला पाणी घालावं अशी विनंती केली.

ही विनंती करताना आपण काय बोलतो आहोत ते त्यांना पूर्ण कळत होतं.

रविवारी विहारातून सगळी वसाहत बोळात आली. बाबा धुतलेलं धोतर नेसले होते. तांब्याचा घासलेला लोटा, काठोकाठ. लताबाईंनी कुंडी खिडकीतून काढून बाहेर स्टुलावर ठेवली होती. बाबांनी चार शब्द सांगितले. पाणी कुणाच्या मालकीचं नसतं, असा त्यांचा आशय होता, आणि त्याविरुद्ध सावळीरामांपाशी काही मुद्दा नव्हता. मग त्यांनी सगळा लोटा वरून, पानांवरून, सावकाश ओतला. सावळीराम हात जोडून उभे होते.

त्यांना वाटलं, संपलं. पण बाबांनी घातल्यावर बाबांच्या बरोबरीच्या म्हाताऱ्यांना वगळणं बरं दिसलं नसतं. मग यशोदाबाईंचा मान होता, कारण दुखावल्या त्या जास्त होत्या. त्यांनी घातल्यावर समोरच्या घराने काय घोडं मारलं होतं. चौदा घरांनी चौदा तांबे ओतले. सहाव्या तांब्याला कुंडीची साठवण क्षमता संपली, आठव्याला बशीच्या सांडव्यावरून पाणी वाहू लागलं, बाराव्याला एक कळी गळून प्रवाहाबरोबर गटाराकडे निघाली आणि लाभक्षेत्राबाहेर गेली. सावळीराम प्रत्येकाला हसून जयभीम घालत होते. उत्पला दाराआड उभी राहून ओढणीत तोंड खुपसून होती. ती रडत होती की हसत होती हे त्यांना लांबून कळलं नाही, आणि जवळ जाऊन पाहायची त्यांची छाती झाली नाही.

त्या संध्याकाळी यशोदाबाई विरजणाला आल्या.

सोमवारी सावळीरामांनी कुंडी डब्याच्या पिशवीत घालून ऑफिसात नेली. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात पाणी मिळण्याची शक्यता सगळ्यात कमी, असा त्यामागे विचार होता. ती फायलींच्या मागे ठेवून ते दर दहा मिनिटांनी मागे वळून पाहत होते. तेवढ्यात मोतीराम आला.

मोतीराम पिंपळगाव बसवंतच्या बाजूचा कांदेवाला. त्याच्या सात नंबरच्या फॉर्मावर क्षेत्र आकड्यात होतं, अक्षरी नव्हतं, म्हणून अर्ज पडून होता. हा त्याचा तिसरा फेरा. पहिल्या दोन फेऱ्यांत नेमकं काय राहिलं आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्याने नेमकं विचारलं नव्हतं. आज त्याने अर्जाचं काही काढलंच नाही. त्याची नजर कुंडीवर गेली.

"सायेब, झाड गेलं की तुमचं."

सावळीरामांनी विचारलं, कशाने.

मोतीरामने दोन बोटांनी झाडाचा देठ दाबून पाहिला. "पान्यानं. लय पानी झालंय. मुळी सडली. मान अशी मऊ लागली का कांदा आमी वेगळा काढतो." मग त्याने बोटं धोतराला पुसली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "आमचा कांदा तिकडं पान्यासाठी आ करून बसलाय, त्याला तुमी नाय म्हनता. अन् ह्या झाडाला नको व्हतं, तर नाय म्हनायला जमलं नाय व्हय, सायेब?"

टोमणा असता तर सावळीरामांकडे उत्तर होतं. पण तो विचारत होता. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"घरात नाही जमलं," सावळीराम म्हणाले.

"घरात आवघडच आसतं," मोतीरामने समजून घेतलं.

सावळीरामांनी मोतीरामचा अर्ज काढला, क्षेत्र विचारलं, आणि रिकाम्या जागेत स्वतःच्या टाकाने अक्षरी लिहिलं: 'एक हेक्टर वीस आर फक्त.' स्वतः उठून तो साहेबांच्या सहीला नेला. शिपाई बघत राहिला. हेडक्लार्क कागद घेऊन चालताना त्याने पूर्वी पाहिला नव्हता.

फेब्रुवारी लागला. झाडाचं आता उकडलेल्या भेंडीसारखं काहीतरी झालं होतं, आणि त्याच्यावर एक पान केवळ भिडेखातर राहिलं होतं. लताबाईंचं म्हणणं, त्या जागी सदाफुली लावावी, रंग साधारण तोच. सावळीरामांनी त्यांना आठवण करून दिली की सिंधुबाई वनस्पतिशास्त्र शिकवतात. लताबाई म्हणाल्या, कॉलेजात शिकवतात, घरात थोड्याच ओळखणार आहेत. पत्र लिहायचं ठरलं. सावळीरामांनी चार मसुदे केले. 'विषयांकित झाडाबाबत कळविण्यास खेद होतो की' याच्या पुढे एकही गेला नाही.

आणि एका रविवारी सकाळी, न कळवता, सिंधुबाई आल्या.

त्या बोळातूनच आल्या, त्यामुळे वसाहतीला घरच्यांच्या आधी कळलं. त्या खुर्चीवर बसेपर्यंत यशोदाबाई खिडकीत होत्या आणि कोंडाजीबाबा ओट्यावर. उत्पलाने पाण्याचा पेला आणून दिला आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. हातातला ट्रे तिने छातीशी धरला होता. सावळीरामांनी कुंडी उचलून टेबलावर ठेवली. लपवण्यात अर्थ नव्हता. ते खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले.

"फुलं आली नाहीत," ते म्हणाले. "येणारही नाहीत. आम्ही सगळ्यांनी मिळून याला पाणी घातलं. मी थांबवू शकलो नाही. तुमची अट पुरी झाली नाही, सिंधुताई. पण मुलीचा यात दोष फक्त दोन चमच्यांचा आहे."

सिंधुबाईंनी चष्मा लावला, झाडाची मान दोन बोटांनी दाबली. अगदी मोतीरामने दाबली तशीच.

"अट कसली?" त्यांनी विचारलं.

सावळीरामांनी त्यांचंच वाक्य त्यांना तारीखवार सांगितलं.

सिंधुबाईंनी पेल्यातलं घोटभर पाणी घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊ, माझ्या घरात याच्या आधी तीन मेली. आमच्या सासूबाई आंघोळ करून येतात आणि दिसेल त्या कुंडीत तांब्या रिकामा करतात. त्यांना नाही म्हणायची माझी वीस वर्षांत छाती झाली नाही. हे चौथं. म्हटलं, याला वाचवायचं तर अशा घरी द्यावं जिथे पाणी मिळणारच नाही. माझा भाऊ पिंपळगावला कांदा करतो. तो म्हणायचा, नाशकात तुमच्या ऑफिसात एक पगारेसाहेब आहेत, ते पाणी सोडून काहीही देतील. म्हणून तर कुंडी घेऊन आले. इतका हात बसलेला माणूस मला दुसरीकडे कुठे मिळणार होता?"

खिडकीत यशोदाबाई खोकल्या.

"मोतीराम?" सावळीरामांनी विचारलं.

"तोच. तुम्ही होणारे व्याही हे त्याला माहीत होतं. बोलला नाही. नातं सांगून पाणी मागणार नाही म्हणाला. मागच्या आठवड्यात आला होता, पाणी मिळालं त्याला." सिंधुबाईंनी चष्मा काढला. "म्हणाला, ताई, माणूस ऑफिसात कडक आहे, पण घरात त्याचं कुणी ऐकत नाही. पोरगी सुखात राहिलेली असणार. डोळे झाकून कर."

उत्पलाच्या हातातला ट्रे भिंतीला लागून वाजला. लताबाई आत पोहे टाकायला गेल्या, आणि या वेळी दुप्पट टाकावेत की निम्मे, हे न सुटून दारातच थांबल्या. सिंधुबाई म्हणाल्या की फुलं यायची वाट पाहिली तर दोघं पेन्शनीत जातील, त्यापेक्षा मे महिन्यातला दुसरा रविवार कसा वाटतो. ओट्यावरून कोंडाजीबाबांनी त्या दिवशी वसाहतीत दुसरं काही नाही, असं कळवलं. चौदा घरं मोकळी होती.

सावळीरामांना काहीतरी बोलायचं होतं. अटीबद्दल, खात्याबद्दल, आपल्या नावाबद्दल पिंपळगावात जे बोललं जातं त्याबद्दल. ते उठून उभे राहिले, तोवर बोलणं पुढे गेलं होतं.

सिंधुबाई मेच्या उन्हाबद्दल, मांडवाबद्दल, सासूबाईंना आणायला गाडी लागेल त्याबद्दल बोलत होत्या. बोलता बोलता त्यांनी पेला तोंडाला लावला, दोन घोट घेतले, आणि खाली कुठे ओतावं हे न सुचून, टेबलावर हाताशी असलेल्या कुंडीत उरलेलं अर्धा पेला पाणी वरून सावकाश ओतलं. पेला पालथा केला. शेवटचा थेंबही झटकला.

यशोदाबाईंनी पाहिलं. कोंडाजीबाबांनी पाहिलं. लताबाईंनी सावळीरामांकडे पाहिलं.

सावळीराम स्वयंपाकघरात गेले, दाराआडच्या तक्त्यापाशी उभे राहिले, घड्याळ पाहिलं, आणि त्या रविवारच्या चौकटीत बरोबरची खूण केली.